पूर्व भागातल्या दवाखान्यात पेशंटशी बोलताना: मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडच्या एका डॉक्टरांची सोलापूरच्या पूर्व भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात नेमणूक झाली आहे. ओपीडीत निम्म्याहून जास्त पेशंट तेलुगू घरांतले, काही कन्नड, काही दखनी (इकडच्या मुस्लिम घरांतली दक्षिणी उर्दू) बोलणारे. सगळ्यांना थोडंफार मराठी येतं, तरी गोळ्या चुकतात, तारखा चुकतात, आणि 'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. अशा वेळी तेलुगू-कन्नड शिकायला घ्यावी, दुभाषी शोधावा, की मोबाइलच्या अ‍ॅपवर भागवावं?

डॉक्टर, तिन्ही गोष्टी लागतील. कुठली कधी वापरायची हे ठरवायला आधी चूक कुठे होते ते बघू. जिला मराठीचा एक शब्दही येत नाही, तिच्या बाबतीत सहसा घोटाळा होत नाही, कारण तुम्ही लगेच कोणाला तरी मदतीला बोलावता. घोटाळा होतो तो जिला मराठी 'येतं' तिच्या बाबतीत. साखर पेठेतली किंवा अशोक चौकाकडची विड्या वळणारी बाई भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, रेशन दुकानात, विडी कारखान्यात मराठीतून चोख व्यवहार करते. भाव, वजन, पत्ता, उधारी यांना ते मराठी पुरतं. छातीत दुखतंय की जळजळतंय, रक्त लघवीतून जातं की अंगावरून, पोटात चमक येते की कळ येते, हे सांगायला ते पुरत नाही. तिचं मराठी अस्सल आहे, पण ते बाजारात घडलेलं आहे. दुखण्याची, भीतीची आणि लाजेची भाषा घरात घडते, आणि ती तेलुगू आहे.

म्हणून 'मराठी येतं का?' हा प्रश्नच विचारू नका. उत्तर नेहमी 'हो' येईल, कारण 'नाही' म्हणणं कमीपणाचं वाटतं. त्याऐवजी विचारा, 'घरी कुठली भाषा बोलता?' आणि मग एक मोकळा प्रश्न टाका: 'काल सकाळपासून आत्तापर्यंत काय काय झालं ते क्रमाने सांगा.' चार-पाच वाक्यं ओळीने आली, आधी काय आणि नंतर काय हे कळलं, तर मराठीतून पुढे जा. एकेका शब्दात उत्तर आलं, बाई सोबतच्या मुलीकडे बघू लागली किंवा मुलगीच बोलू लागली, तर तिथेच थांबून दुभाषी बोलवा. केसपेपरच्या कोपऱ्यात नोंद ठेवा: 'घरी तेलुगू, मराठी बाजारापुरतं.' पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतील तर त्यांचे पाच मिनिटं वाचतील.

नाशिकहून आल्यामुळे सोलापुरी मराठीचीही थोडी सवय करावी लागेल. 'काय करूलालास?', 'पोट दुखूलालंय' ही रूपं म्हणजे 'करतोयस', 'दुखतंय': क्रिया आत्ता चालू आहे. 'दुखूलालंय' म्हटलं की दुखणं या क्षणी सुरू आहे असं समजा. बोलणं मोठ्या आवाजात असतं, वाक्याच्या शेवटी 'बे' येतं. भांडण समजू नका.

आता दुभाष्याबद्दल.

सगळ्यात जवळचा दुभाषी म्हणजे सोबत आलेला नातेवाईक, आणि सगळ्यात जास्त चुका त्याच्याकडूनच होतात. सर्दी-खोकला, पट्टी बदलणं, पुढची तारीख यासाठी तो चालेल. गरोदरपण, पाळी, घरातली मारहाण, टीबी, एचआयव्ही, दारू, मन खचणं आणि ऑपरेशनची संमती यासाठी नातेवाईक नको. नवरा किंवा सासू दुभाषी असेल तर बाई त्यांच्यासमोर सांगण्यासारखं तेवढंच सांगेल. शाळकरी मुलाला तर कधीच मध्ये घालू नका. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठी चांगलं येतं, पण आईच्या अंगावरून जाण्याबद्दल त्याने काय सांगायचं? तो गाळणारच, आणि गाळलं नाही तर ते ओझं घेऊन घरी जाणार.

आशाताई उपयोगी पडतात, पण त्याच गल्लीतल्या असतील तर आधी पेशंटला बाजूला घेऊन विचारा की त्या चालतील का. विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्त्या दाट आहेत, सगळे एकमेकांच्या नात्यातले. टीबीची बातमी गल्लीत पोचण्याच्या भीतीने लोक पत्ता खोटा देतात आणि मग औषध मध्येच सुटतं. दुसऱ्या वॉर्डातल्या आशाताई किंवा केंद्रातल्याच सिस्टर जास्त बऱ्या. तेलुगू आणि कन्नडसाठी प्रत्येकी दोन जणांना, त्यात किमान एक बाई, नीट तयार करून ठेवा. आयत्या वेळी 'कोणाला तेलुगू येतं रे?' अशी हाक मारण्याची वेळ येऊ देऊ नका.

तयार करायचं म्हणजे काय? पेशंट आत येण्याआधी दोन मिनिटं दुभाष्याला सांगा: आज काय विचारायचं आहे, कुठले शब्द अवघड आहेत, काय गुप्त राहिलं पाहिजे. बसायची जागा ठरवा. पेशंट तुमच्या समोर, दुभाषी पेशंटच्या किंचित मागे आणि बाजूला. तो मध्ये बसला की तुम्ही दोघं त्याच्याशीच बोलू लागता आणि पेशंट गप्प होते. तुम्ही डोळे पेशंटकडे ठेवून तिच्याशीच बोला: 'तुम्हाला कधीपासून दुखतंय?' 'हिला विचार कधीपासून दुखतंय' असं नको. एका वेळी एक किंवा दोन छोटी वाक्यं, मग थांबा. पाच वाक्यं एकदम बोललात तर पहिलं आणि शेवटचं तेवढं पोचतं. दुभाष्याने पेशंटचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं: 'माझ्या पोटात दुखतं.' 'ती म्हणते तिच्या पोटात दुखतं' असं सांगू लागला की दोन वाक्यांत 'ती' म्हणजे पेशंट, तिची सून की नणंद हे कळेनासं होतं.

दुभाष्याच्या चुका तीन प्रकारच्या असतात: गाळणं, भर घालणं आणि बदलणं. बाई दीड मिनिट बोलली आणि तुमच्यापर्यंत 'पोट दुखतंय' एवढंच आलं, तर ते गाळणं. 'बाकी काही नाही, उगाच बडबड' असं तो म्हणतो. त्या बडबडीत 'तीन दिवस शौचाला काळी होतेय' असू शकतं. त्याला सांगून ठेवा की महत्त्वाचं काय ते डॉक्टर ठरवतील, त्याने सगळं सांगायचं. भर घालणं म्हणजे तुम्ही न दिलेला सल्ला तो देतो: 'वांगं खाऊ नका, दही नको.' बदलणं सगळ्यात वाईट, कारण ते ऐकू येत नाही. तुम्ही 'कॅन्सरची शंका आहे, तपासायला हवं' म्हणता आणि पुढे जातं 'गाठ आहे, काही नाही.' त्यामागे माया असते. म्हणूनच वाईट बातमी असेल तर 'ही बातमी जशीच्या तशी जाणार' हे त्या दोन मिनिटांत आधीच ठरवा. दुभाष्यामार्फत बोलायला साधारण दुप्पट वेळ लागतो. तेवढा वेळ ओपीडीत धरला नाही तर बाकी सगळं कागदावर राहील.

शब्दांकडे जरा सावकाश बघू. मराठी, कन्नड आणि तेलुगूत संस्कृतातून आलेले शेकडो शब्द एकसारखे आहेत, आणि त्यामुळेच आपल्याला समजलं असं वाटतं. 'अन्न' घ्या. मराठीत अन्न म्हणजे कुठलंही जेवण. तेलुगूत 'अन्नम्' आणि कन्नडमध्ये 'अन्न' म्हणजे शिजवलेला भात. रिकाम्या पोटी साखर तपासायची आहे म्हणून तुम्ही विचारता, 'सकाळपासून अन्न घेतलं का?' बाई खरंखरं 'नाही' म्हणते. तिने ज्वारीची भाकरी आणि चहा घेतलेला असतो. रिपोर्ट वाढलेला येतो आणि गोळी वाढते. असं विचारा: 'काल रात्रीनंतर भाकरी, भात, चहा, बिस्कीट, यातलं काही?'

'मंदु' हा तेलुगू शब्द औषधालाही आहे आणि बोलण्यात दारूलाही. 'मंदु तागुताडा?' असं दुभाष्याने विचारलं तर ऐकणाऱ्याच्या मनात दारू येते. गोळ्यांबद्दल विचारायचं तर 'गोळी' म्हणा किंवा पाकीट दाखवा, आणि दारूबद्दल वेगळा प्रश्न करा. 'उद्योग काय करता?' याला तेलुगू किंवा कन्नड माणूस 'काही नाही' म्हणेल, कारण त्याच्या भाषेत 'उद्योग' म्हणजे नोकरी, आणि तो घरी माग चालवतो. छातीच्या तपासणीत सुताचा आणि तंबाखूच्या धुळीचा संबंध तिथेच निसटतो. विचारा, 'हातांनी काय काम करता? दिवसात किती तास?' 'अवसर' तेलुगूत गरज, कन्नडमध्ये घाई. 'अनुमान' मराठीत तर्क, त्या दोन्ही भाषांत संशय. 'टीबीचं अनुमान आहे' हे वाक्य पेशंटच्या कानावर आरोपासारखं पडू शकतं.

तेलुगूत चक्कर येण्याला 'कळ्ळु तिरुगुतुन्नायि' म्हणतात, शब्दशः डोळे फिरतात. तेच मराठीत 'डोळे फिरूलालेत' असं येतं आणि पेशंट डोळ्यांच्या ओपीडीत पाठवली जाते. 'गॅस' आणि 'टेन्शन' हे शब्द तर सगळ्या भाषांत आहेत आणि म्हणूनच धोक्याचे. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होत असलं तरी लोक 'गॅस झालाय' म्हणतात. 'गॅस' ऐकलं की बोटाने जागा दाखवायला सांगा, घाम आला का, डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय का, जिना चढताना वाढतंय का, हे विचाराच. 'टेन्शन' म्हणजे कोणासाठी काळजी, कोणासाठी वाढलेलं बीपी.

उलट काही शब्द हक्काचे आहेत. 'उलटी'पेक्षा 'वांती' म्हणा. ते मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत आहे. 'पथ्य' तिन्हींत आहे, दखनीत 'परहेज'. 'शुगर', 'बीपी', 'एक्सरे', 'सुई' सगळ्यांना कळतात. तापासाठी तेलुगू-कन्नडमध्ये 'ज्वर' आणि दखनीत 'बुखार'. पाळीला तेलुगू आणि कन्नड दोन्हींत 'मुट्टु' चालतं, मात्र पुरुष दुभाष्यामार्फत ते विचारू नका; उत्तर मिळेल, पण खरं मिळणार नाही.

तारखा आणि आकडे यांत होणारे घोटाळे वरवर किरकोळ दिसतात, पण औषध चुकतं ते बहुतेक इथेच. मराठीत 'परवा' मागचाही आणि पुढचाही. दखनीत 'कल' आणि 'परसों' तसेच, शिवाय 'परसों' हे 'हल्लीच कधीतरी' अशा अर्थानेही येतं. तेलुगूत मात्र 'निन्न' काल, 'मोन्न' मागचा परवा, 'रेपु' उद्या आणि 'एल्लुंडि' पुढचा परवा. कन्नडमध्ये 'निन्ने', 'मोन्ने', 'नाळे', 'नाडिद्दु'. त्यांच्या भाषेत ही विभागणी पक्की आहे, गोंधळ आपल्याकडून जातो. वाराचं नाव घ्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये जवळपास सारखे आहेत. दखनीत सोमवार 'पीर', गुरुवार 'जुमेरात', शुक्रवार 'जुमा' आणि शनिवार 'हफ्ता'. 'हफ्त्याने या' म्हटलंत तर तो शनिवारी येईल.

आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो ते सात दिवसांसाठी आणि 'पंधरा दिवसांनी' ते चौदा दिवसांसाठी. तेलुगूत शब्दशः गेलं की तो खरोखर आठ मोजतो आणि ठरलेला वार चुकतो. 'येत्या मंगळवारी' एवढंच म्हणा आणि तारीख लिहून द्या.

आकड्यांत मराठीची रचना उलटी आहे: पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. तेलुगूत 'इरवै ऐदु' आणि कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', आधी वीस मग पाच. त्रेचाळीस, सदतीस हे आकडे ऐकताना कानात उलटे होतात. एकोणतीस, एकोणपन्नास तर हमखास चुकतात, कारण कानावर 'तीस' आणि 'पन्नास' पडतं. पावणेदोन, सव्वा, अडीच यांचंही तसंच. मोबाइल नंबर, डोस, युनिट नेहमी एकेक अंक सुटा बोला: 'दोन, नऊ.' लिहिताना मोबाइलच्या कीपॅडवर असतात तसे इंग्रजी आकडे वापरा. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. ज्याने शाळेत तेलुगू किंवा उर्दू शिकलं त्याला एक गोळी नऊ दिसू शकते.

दिसणारी वस्तू बोलण्यापेक्षा भरवशाची असते. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. 'लिटर' शब्दावर न थांबता एक लिटरची बाटली टेबलावर ठेवा. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं की द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढू शकतात. लहान मुलांच्या सिरपला 'एक चमचा' म्हणू नका. घरातले चमचे वेगवेगळे असतात; बाटलीसोबतच्या मापाच्या टोपणावर ५ मिलीच्या रेघेला पेनने खूण करून द्या. इन्सुलिनची कुपी एका मिलीत ४० युनिटची असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० ची असेल तर नारिंगी टोपणाची. रंग दाखवून सांगितलेलं कुठल्याही भाषेत बिघडत नाही. वेळ घड्याळाने सांगण्यापेक्षा कामाला बांधा: विडीची पानं भिजवण्याआधी एक, रात्री जेवल्यावर एक.

शेवटची पाळी किंवा खोकला सुरू झाल्याची तारीख काढायला सण कामाला येतात. टेबलावर कालनिर्णयासारखं कॅलेंडर ठेवा. मराठी, कन्नड आणि तेलुगू पंचांगांत महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे चैत्र, श्रावण तिन्हींचे एकच, आणि गुढीपाडवा व उगादी एकाच दिवशी. 'गड्ड्याच्या (म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या) आधी की नंतर?' म्हटलं की जानेवारीचा मध्य मिळतो. तेलुगू बायकांना त्यांच्या फुलांच्या सणाबद्दल, 'बतुकम्माच्या वेळी?' असं विचारलं की भाद्रपद अमावास्येपासूनचे दिवस हाती येतात. मुस्लिम घरांत रमजान आणि मोहरम विचारा, पण ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात हे लक्षात ठेवून त्या वर्षाची तारीख बघा.

नात्यांचे शब्द एका बाजूने फार सोयीचे आहेत. 'अण्णा', 'अक्का', 'अप्पा' मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही घरांत चालतात. म्हाताऱ्या तेलुगू बाईला 'अम्मा', कन्नड बाईला 'अव्वा', मुस्लिम बाईला 'खाला' म्हणा. 'ए बाई' म्हटलंत की पुढचं अर्धं बोलणं बंद झालं असं समजा. 'तू' फक्त लहान मुलांना. तेलुगूत 'मीरु' आणि कन्नडमध्ये 'नीवु' हे 'तुम्ही'साठी, आणि इकडच्या कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी 'री' लावलं की आदर आला: 'बर्री', 'हेळ्री'.

दुसऱ्या बाजूने हेच शब्द कुटुंबाचा इतिहास घेताना फसवतात. तेलुगू-कन्नड घरांत वडिलांचे थोरले भाऊ 'मोठे वडील' आणि आईची बहीण 'मोठी' किंवा 'धाकटी आई'. चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यांसारखी 'अन्ना', 'अक्का' म्हणवली जातात. 'माझ्या वडलांना शुगर होती' म्हणताना कोणते वडील? 'ज्यांच्यापासून जन्म झाला ते?' असं विचारायला संकोच वाटतो, म्हणून 'आईच्या नवऱ्याला की त्यांच्या भावाला?' असं विचारा. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही. मामाशी लग्नाची चाल काही घरांत आहे, तेव्हा 'लग्नाआधी नवऱ्याचं तुमच्याशी नातं होतं का?' हा प्रश्न गरोदर बाईला शांतपणे, बाकीच्या प्रश्नांच्या ओघात विचारा.

संमतीची किंवा मुलाच्या उपचाराची सही घेतानाही 'हे मुलाचे वडील का?' एवढ्यावर थांबू नका. आधार कार्ड बघा. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी येतं, आणि सोलापुरात तेच कधी पुढे कधी मागे लिहिलं जातं. 'लक्ष्मम्मा' आणि 'लक्ष्मीबाई' एकच बाई असू शकते. एकीच्या दोन फायली तयार होतात. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिथे अडून न बसता कार्डावरून लिहून घ्या.

सर्वनामांकडेही लक्ष असू द्या. 'उद्या आपण रक्त तपासू' यातलं 'आपण' कोण? कन्नडमध्ये ते 'नावु' होऊन जातं आणि पेशंट समजते की सगळं दवाखाना करणार. 'उद्या सकाळी ८ वाजता तुम्ही इथे या, सिस्टर रक्त घेतील' असं बोला. तेलुगूत एकवचनात 'ती' आणि 'ते' यांचं क्रियापद एकच, म्हणून तेलुगू माणसाच्या मराठीत 'मुलगी आलं', 'ती पडलं' येतं. त्या वाक्यावरून व्यक्ती ठरवू नका, नाव विचारा.

भाजलेल्या, पडलेल्या, विष पोटात गेलेल्या पेशंटच्या बाबतीत एक बारीक गोष्ट फार मोठी ठरते. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं दाखवायची सोय या सगळ्या भाषांत आहे: मराठीत 'पडली म्हणे', तेलुगूत 'पडिंदट', कन्नडमध्ये 'बिद्दळंते', दखनीत 'गिर गई कते'. बोलणारा 'मी पाहिलं नाही' हे त्या शेपटात सांगत असतो. दुभाष्याच्या तोंडी आणि मग केसपेपरवर ते शेपूट गळतं आणि 'स्टोव्हचा भडका उडाला' असं थेट सत्य म्हणून लिहिलं जातं. पुढे पोलिसांत किंवा कोर्टात तेच वाक्य उभं राहतं. दुभाष्याला सांगा की हा फरक सोडायचा नाही, आणि नोंद अशी करा: 'सोबत आलेल्या दिराने सांगितलं, त्याने स्वतः पाहिलेलं नाही.' पेशंट शुद्धीवर असेल तर तिचं म्हणणं वेगळं, तिच्याच शब्दांत, कोणी नातेवाईक जवळ नसताना घ्या.

आता ते 'हो'. तेलुगू 'आं', 'सरे', कन्नड 'हं', 'हौदु', दखनी 'हौ', आणि मान डोलावणं: यांचा पहिला अर्थ 'ऐकतेय' एवढाच असतो. डॉक्टरांना 'कळलं नाही' म्हणणं उद्धटपणा वाटतो, म्हणून 'समजलं का?' हा प्रश्न निकामी आहे. 'गोळ्या घेत नाही ना?' असा नकारार्थी प्रश्न त्याहून वाईट. 'हो' आलं तर घेते की घेत नाही? पेशंटकडून परत म्हणवून घ्या, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईला कसं सांगाल?' असं विचारा, पाकीट तिच्या हातात द्या आणि तिलाच दाखवू द्या. चुकलं तर चुकलेलं तेवढंच पुन्हा सांगा आणि पुन्हा म्हणवून घ्या.

टीबीच्या पेशंटच्या बाबतीत तीन गोष्टी परत म्हणवल्याशिवाय सोडू नका: औषध किमान सहा महिने, दोन महिन्यांनी गोळ्या बदलतील, याचा अर्थ संपल्या असा नाही, आणि लघवी लालसर-नारिंगी होईल, ते औषधामुळे, रक्त नाही. ही तिसरी गोष्ट पेशंटच्या भाषेत पोचली नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात घाबरून औषध बंद होतं.

भाषा शिकायची का? शिकाच, पण दुभाष्याला सुट्टी देण्यासाठी नाही. अर्धवट तेलुगू डॉक्टरची तीच गत होते जी अर्धवट मराठी पेशंटची. २०-२५ वाक्यं पाठ करा, ज्यांची उत्तरं बोटाने किंवा आकड्याने देता येतील. तेलुगूत 'एक्कड नोप्पि?' कुठे दुखतं, 'चूपिंचंडि' दाखवा, 'एन्नि रोजुलु?' किती दिवस. कन्नडमध्ये 'एल्लि नोवु?', 'एष्टु दिन आतु?', आणि दुखण्याला 'ब्यानी'ही ऐकू येईल. दखनीत 'कां दुखरा?', 'कित्ते दिनां से?' सोलापुरातलं तेलुगू तेलंगणाच्या वळणाचं आहे, टीव्हीवरच्या बातम्यांचं नाही; म्हणून उच्चार पुस्तकातून न घेता केंद्रातल्या तेलुगू सिस्टरकडून घ्या. तेलुगूत आदराने 'या' म्हणायला 'रंडि' म्हणतात. मराठी-हिंदी कानाला ती शिवी वाटते आणि दारात भांडणं होतात. शिपाई आणि सुरक्षारक्षकांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात १९१० साली जन्मले, १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. तेवढ्या काळात, युद्धाच्या धामधुमीत, ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. तुमच्या पेशंटची भाषा तर पाच मिनिटांवरच्या गल्लीत ऐकू येते.

मोबाइलचं अ‍ॅप तातडीपुरतं ठीक: पत्ता, वेळ, 'इथे बसा'. वाक्य सात-आठ शब्दांचं, म्हण किंवा वाक्प्रचार नसलेलं. आलेलं भाषांतर पुन्हा मराठीत फिरवून बघा. अर्थ बदलला असेल तर वाक्य मोडून लिहा. अ‍ॅपचं तेलुगू-कन्नड पुस्तकी असतं, आणि म्हाताऱ्या बाईला वाचता येत नसेल तर स्क्रीन दाखवून उपयोग नाही. डोस आणि संमती अ‍ॅपवर सोडू नका. फोनवरून दुभाषी घेताना त्याच्या शेजारी कोण आहे हे आधी विचारा, मगच स्पीकर लावा आणि दार बंद करा.

संमतीपत्र मराठी किंवा इंग्रजीत छापलेलं असतं. दुभाष्याने ते पेशंटच्या भाषेत ओळीने वाचून सांगायला हवं: काय करणार, का, धोका काय, दुसरा पर्याय काय, नाही केलं तर काय. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे की पुरेशी माहिती मिळून दिलेली संमतीच खरी. नुसत्या अंगठ्याने ते सिद्ध होत नाही. म्हणून केसपेपरवर चार गोष्टी लिहा: माहिती कुठल्या भाषेत दिली, दुभाषी कोण आणि त्याचं पेशंटशी नातं काय, पेशंटने परत काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत एका ओळीत, आणि वेळ. खाली दुभाष्याची सही घ्या. पेशंटने 'घरी विचारून सांगते' म्हटलं तर तेही लिहा, आणि तातडी नसेल तर तिला तेवढा वेळ द्या.